सिस्टरची तीनचाकी

आमच्या शेडमध्ये वस्तू चांगली झाली की नाही, हे ठरवायची एकच रीत होती. मिस्त्री तिला लाथ घालायचे. वस्तू हलली नाही तर पास, आणि मिस्त्रींचा पाय दुखला तर फर्स्ट क्लास. आम्ही उसाच्या ट्रॉल्या बनवतो. वडिलांनी सुरू केलेलं काम त्यांच्यामागं मी चालवते. कोल्हापुरात गिऱ्हाईक ट्रॉली घ्यायला आलं की रंग नंतर बघतं, आधी विचारतं की लोखंड किती जाडीचं वापरलंय. जितकं जाड सांगाल तितका त्याचा चेहरा खुलतो. हलकी वस्तू म्हणजे फसवणूक, हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि पन्नाशीपर्यंत डोळे मिटून मानत आले.

मिस्त्री म्हणजे आमचे मिस्त्रीचाचा. वडिलांच्या वेळेपासूनचे. सत्तरी जवळ आली तरी वेल्डिंगची कांडी दुसऱ्याच्या हातात देताना त्यांच्या जिवावर येतं. घरात सगळे मला अक्का म्हणतात म्हणून तेही अक्काच म्हणतात, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असले तरी. आमची दोघांची रोज भांडणं होतात. त्यातली निम्मी मी काढते, हे मला मान्य आहे.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी सिस्टर शेडच्या दारात उभी राहिली. ती कोडोलीची. पेठ वडगावच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. पुढं ती नर्स झाली, मग मिशनच्या कामाला लागली आणि पार राजस्थानच्या वाळवंटात गेली. तिकडं चार-सहा झोपड्यांच्या वस्तीला ढाणी म्हणतात. औषधांची पेटी, लसींचा थंड डबा आणि पिशवीत बायबल घेऊन या ढाणीवरून त्या ढाणीवर जायचं, बाळंतिणी बघायच्या, पोरांना डोस द्यायचे, कुणी म्हटलं तर प्रार्थना करायची, यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. सगळं जग तिला सिस्टर म्हणतं, म्हणून मीही सिस्टरच म्हणते. तिच्या देवाशी माझा परिचय नाही. तिच्याशी आहे, तेवढा मला पुरतो.

त्या दिवशी ती काठी टेकत आली होती. आदल्या वर्षी उंटगाडीवरून पडून तिचा गुडघा मोडला होता. ऑपरेशन झालं, पण वाळूत शंभर पावलंसुद्धा चालवत नव्हतं आणि उंटावर बसायला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. जीप भाड्यानं घ्यावी तर मिशनच्या आवाक्याबाहेर. तिच्या मंडळानं ठरवलं होतं की ईस्टरनंतर तिकडचं काम बंद करायचं आणि हिला परत बोलावून ऑफिसात रजिस्टरं लिहायला बसवायचं. ते तिच्या भल्यासाठीच म्हणत होते. मला सांगताना ती हसत होती.

"मला खुर्चीत बसवलं तर वर्षभरात मरतो बघ मी," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं ती अजून ‘मरतो’च म्हणत होती. "एक गाडी करून दे. वाळूत चालंल अशी."

तिच्या तीन अटी होत्या. गाडी एका जुन्या मोटारसायकलीच्या किमतीत बसली पाहिजे. बिघडली तर तिकडच्या सायकल दुकानात दुरुस्त झाली पाहिजे. आणि रुतली तर ढाणीवरच्या दोन बायकांना ओढून काढता आली पाहिजे. पहिल्या दोन मी कागदावर लिहून घेतल्या. तिसरीला हसले. आमची गाडी रुतत नसते, असं मी तिला ऐटीत सांगितलं. ती चहा पिऊन कोडोलीला गेली आणि दोन दिवसांनी राजस्थानला.

आम्ही कामाला लागलो. जुन्या बाजारातून मोटारसायकलीचं इंजिन आणलं, भंगारातल्या मालवाहू रिक्षाचा मागचा एक्सल मिळाला. मागं दोन चाकं, पुढं एक. सांगाडा ट्रॉलीच्या अँगलचा, तळाला जाड पत्रा. मागच्या चाकांना पॉवर टिलरचे अरुंद, उंच नक्षीचे टायर घातले, कारण पावसाळ्यात उसाच्या फडात तेच चालतात. अरुंद चाक चिखल कापत खाली जातं, खालचा मुरूम धरतं आणि गाडी बाहेर काढतं. वाळू म्हणजे काय, कोरडा चिखल, असा माझा हिशेब. फक्त पुढच्या चाकावरून चाचांशी वाजलं. किंमत आवरायची म्हणून त्यांनी पुढं कुठल्याशा मोटारीचा झिजून पार गुळगुळीत झालेला टायर बसवला. आम्ही त्याला गोटा टायर म्हणतो. पुढचं चाक नुसतं वळायचं काम करतंय, त्याला नवा टायर कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला तो गोटा बघवत नव्हता, पण सिस्टरची किमतीची अट आठवली आणि मी गप्प बसले.

आता चाचणी. नदीतली वाळू काढायला बंदी आल्यापासून आमच्याकडं घरंही क्रश सँडनं बांधतात. दगड फोडून केलेली ती कच, तीच आमच्या लेखी वाळू. गावाबाहेरच्या एका क्रशरवर गाडी नेली. पुरुषभर उंचीचा ढीग होता. गाडी त्यावर अशी चढली की क्रशरवरची माणसं शिट्ट्या मारायला लागली. उतरून चाचांनी गाडीला लाथ घातली आणि पाय चोळत खाली बसले. मी सगळ्यांना पेढे वाटले. सिस्टरला फोनवर ढिगावरची गाडी दाखवली, तर ती पदर तोंडाला लावून बराच वेळ नुसती बघत राहिली.

गूळ घेऊन राजस्थानला जाणाऱ्या एका ट्रकात गाडी चढवली. चार माणसांना उचलली नाही, क्रेन मागवावी लागली. त्याचाही मला अभिमानच वाटला. चाचा आणि मी रेल्वेनं गेलो.

जानेवारीतल्या त्या सकाळी सिस्टरच्या दोन खोल्यांपुढं सगळी ढाणी जमली होती. मंडळाचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, मुद्दाम आले होते. उंच, मवाळ बोलणारे, विदर्भाकडचे गृहस्थ. मी स्वतः चालवायला बसले. कडक जमिनीवर गाडी ऐटीत गेली. मग पहिला वाळूचा चढ आला. मागची चाकं गरागरा फिरली आणि गाडी जागच्या जागी थांबली. मी आणखी जोर दिला, कारण चिखलात तसंच करायचं असतं. चाकं वाळू कापत खाली गेली, आणखी खाली गेली, आणि एक्सल वाळूला टेकला. पोरं हसायला लागली. दोन बायका दोर घेऊन पुढं आल्या. सिस्टरची तिसरी अट मला तेव्हा आठवली. त्या दोघींना गाडी तसूभर हलली नाही. चार पुरुषांना हलली नाही. शेवटी उंट जोडला तेव्हा निघाली, आणि ओढताना पुढच्या गोटा टायरचा व्हॉल्व्ह तुटून त्यातली हवा गेली.

मला कुणावर तरी ओरडायचं होतं. तो टायर बसलेला दिसला आणि मला कारण मिळालं. "तुमच्या ह्या गोट्यानं माझं नाक कापलं, चाचा," मी सगळ्यांदेखत म्हणाले. आणखीही बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या टायरचा आणि गाडी रुतण्याचा काही संबंध नव्हता, हे मला बोलतानाच कळत होतं. चाचांनी खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले आणि ते खोलीत निघून गेले. सिस्टर दाराशी काठीवर भार देऊन उभी होती. पाळकसाहेब तिला हळू आवाजात सांगत होते की ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी ते परत येतील, तेव्हा तिच्या बदलीचं पत्र सोबत असेल. मग माझ्याकडं वळून म्हणाले की आणखी काही करून बघायचं असेल तर तोवर बघा. ते मनापासून म्हणत होते, म्हणून जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना चाचांनी दार वाजवलं. आदल्या दिवसापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी दार उघडताच ते चालायला लागले. वारा अजून सुटला नव्हता. गाडी उंटानं ओढून आणली होती ती वाट तशीच उमटलेली होती. दोन्ही बाजूंना मागच्या चाकांचे दोन चर, गुडघाभर खोल. आणि दोन्हींच्या मधून गोटा टायरचा रुंद पट्टा, बोटाच्या पेराएवढा खोल. चाचा खाली बसले, त्या पट्ट्यावर पंजा ठेवला आणि म्हणाले,

"अक्का, ज्याला शिव्या घातल्या त्योच तेवढा वर हाय."

मी लगेच वाद घातला. पुढं भार कमी असतो, म्हणून वर राहिला असेल. चाचांचं उत्तर तयार होतं. त्यांनी गाडीच्या नाकाडावर ढाणीवरच्या तीन बायकांना बसवलं. त्या हसून हसून बेजार झाल्या. व्हॉल्व्ह बदलून टायरमध्ये सायकलच्या पंपानं गच्च हवा भरली आणि उंटाला ओढायला लावलं. चाक वाळूत घुसलं. मग त्याच तिघींना तसंच बसवून जवळजवळ सगळी हवा सोडली. टायर पसरला, चपटा झाला आणि वाळूवरून निघून गेला. चाचांनी हे तीनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा मी स्वतः नाकाडावर बसले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चिखलाला तळ असतो, म्हणून चाकानं तो शोधायचा. इथल्या वाळूला तळच नाही. शोधत गेलात तर जात राहाल. आणि क्रशरवरची ती कच, दगडाचे कोन एकमेकांत अडकून बसलेली, तिच्यावर मी बैलगाडीसुद्धा चढवली असती. आम्ही जे चांगलं म्हणून करत आलो होतो, जड, अरुंद, नक्षीदार, ते सगळं इथं वाईट होतं. जे टाकून द्यायचं असतं तेच इथं हवं होतं.

माफी मागण्यात मी कच्ची आहे. पण त्या बायका तिथं होत्या, सिस्टर होती, आणि शिव्या सगळ्यांदेखत दिल्या होत्या. "चाचा, चुकलं माझं," मी म्हणाले. चाचा उंटाचा दोर सोडवत होते. म्हणाले, "वडीलबी तुमचं असंच वरडायचं. पन चुकलं असं कधी म्हटलं न्हाईत." मग आदल्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघून चहा मागितला.

परत निघताना गूळ उतरवून रिकाम्या झालेल्या त्याच ट्रकात आम्ही गाडी टाकली आणि तिच्याभोवती तीस पोती वाळू. पुन्हा क्रशरवर जायची चूक मला करायची नव्हती. वाटेत एका नाक्यावर पोलिसानं पोतं उघडायला लावलं, वाळू हातात घेतली, माझ्याकडं बघितलं आणि पोतं बांधायला सांगितलं. शेडच्या मागं तालमीतल्या कुस्तीच्या हौदासारखा खड्डा काढून आम्ही ती पसरली. शेजारचे कारखानदार कामधंदा सोडून बघायला यायचे. राजस्थानातून वाळू आणणारी बाई म्हणून माझं नाव सगळ्या एमआयडीसीत झालं. एकानं विचारलं, आता उंट कधी येणार. मी म्हटलं, येईल तेव्हा पहिल्यांदा त्याच्यावर तुम्हालाच बसवते.

मग गाडी हलकी करायचं काम सुरू झालं आणि शेडमध्ये सुतक पडलं. ज्या कामगारांनी आयुष्यभर लोखंड चढवलं, त्यांना आता ग्राइंडर घेऊन ते उतरवायचं होतं. अँगल जाऊन पातळ पाइप आला. तळाचा पत्रा गेला. इचलकरंजीच्या एका मागवाल्यानं जाड कॅनव्हास विणून दिला, तो पाइपांवर ताणून बसायची जागा आणि सामानाची झोळी केली. मोटारीच्या दोन-दोन रिंगा कापून, जोडून एक रुंद रिंग केली. टायरच्या दुकानात जाऊन मी सगळ्यांत गुळगुळीत गोटे निवडायला लागले, तेव्हा दुकानदाराला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय. त्यानं ते जवळजवळ फुकट दिले. सिस्टरच्या गुडघ्यासाठी पायातला ब्रेक काढून हाताला आणला.

पहिल्या दिवशी हौदात गाडी वर राहिली, पण वळताना एक टायर रिंगमधून निसटून बाहेर आला. हवा इतकी कमी की त्याला धरून ठेवायला काही नव्हतं. दोन दिवस आम्ही डोकं खाजवत बसलो. शेवटी चाचांनी टायरच्या कडेवर लोखंडी पट्टी गोल फिरवून ती बोल्टांनी रिंगेला आवळली. एक साधा पाना असला की उघडता येते. त्यानंतर मी त्या हौदात इतके आठ काढले की चक्कर यायची.

तयार झाल्यावर चाचांनी सवयीनं लाथ घातली. गाडी हातभर पुढं सरकली. सगळे चाचांकडं बघायला लागले. चाचाच पहिल्यांदा हसले. मग आम्ही नवी परीक्षा ठरवली. समोरच्या चहाच्या गाड्यावरच्या मावशीला बोलावलं. मी एका बाजूनं धरलं, तिनं दुसऱ्या. मागची दोन्ही चाकं जमिनीपासून वर उचलली गेली. मावशी पदराला हात पुसत म्हणाली, "एवढीच व्हय?" माझ्या कामाची एवढी मोठी तारीफ आजवर कुणी केली नव्हती.

झावळ्यांच्या रविवारी ढाणीवर खेजडीच्या झाडाखाली उपासना झाली. तिकडं नारळ नाही की ताड नाही, म्हणून झावळ्यांऐवजी माणसांनी खेजडीच्या डहाळ्या हातात धरल्या होत्या. मी आणि चाचा मागं बसलो होतो. पाळकसाहेबांच्या कोटाच्या खिशातून पत्राच्या पाकिटाचं टोक दिसत होतं. माझं लक्ष प्रार्थनेकडं नव्हतं, त्या टोकाकडं होतं.

या वेळी मी चालवायला बसले नाही. सिस्टर बसली. औषधांची पेटी झोळीत, लसींचा डबा मांडीजवळ, काठी दोरीनं पाइपाला बांधलेली. जानेवारीत मी रुतले होते तोच चढ. तिनं हळू सुरुवात केली. टायर चपटे होऊन वाळूवर पसरले. गाडी चढायला लागली. अर्ध्या चढावर तिनं ब्रेक ओढून गाडी थांबवली, आणि मी दोन पावलं पुढं धावले, कारण वाळूत चालती गाडी थांबवून पुन्हा उचलणं सगळ्यांत अवघड. ती मुद्दाम थांबली होती. मागं वळून तिनं आमच्याकडं बघितलं, मग गाडी उचलली. चाकं फिरली, जरा चाचपडली, आणि गाडी वर गेली. माथ्यावर पोचल्यावर ती थांबली नाही. पलीकडच्या सर्वांत लांबच्या ढाणीवर तीन महिने पोरांचे डोस राहिले होते. ती तिकडं निघून गेली. इंजिनाचा आवाज हळूहळू ऐकू येईनासा झाला.

ढाणीवरच्या बायका आधी ओरडल्या. मग मी. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. चाचा वाळूत बसले होते आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत होते. आयुष्यात मी शेकडो ट्रॉल्या विकल्या, पण जिंकणं म्हणजे काय ते मला त्या चढाखाली कळलं.

पाळकसाहेबांची मोटार दूर पक्क्या सडकेवर उभी होती, तिथवर वाळूतून चालतच जावं लागणार होतं. सकाळी ठरलं होतं की आम्हा तिघांना सिस्टर एकेक करून सोडेल. आता सिस्टरच नव्हती. म्हणून गुडघे धड असलेले आम्ही तिघं पायी निघालो. मी जाड बुटांत पावलापावलाला रुतत होते. चाचांनी चपला केव्हाच हातात घेतल्या होत्या. थोड्या वेळानं पाळकसाहेबांनीही बूट काढले, मोजे काढले, आणि मोजे ठेवायला जागा हवी म्हणून खिशातलं ते पाकीट बाहेर काढलं. जरा वेळ हातात धरलं. मग मधोमध फाडलं, पुन्हा फाडलं आणि तुकडे दुसऱ्या खिशात ठेवले.

बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "आमच्या आणखी एका केंद्रावर अशीच अडचण आहे. दुसरी गाडी किती दिवसांत होईल?"

मी मनात दिवस मोजत होते, तेवढ्यात चाचा माझ्या आधी बोलले.

"लगीच करू की. वाळू हाय आमच्याकडं."